मस्टरवरील नाव

मुंबईच्या गिरणगावाविषयी आज जे बोलले जाते त्यात एक गृहीत न सांगताच वावरत असते. ते असे की, पूर्वी नोकरी म्हटली की ती आयुष्याची असे, गिरणीत एकदा चिकटलेला मनुष्य साठीला हारतुरे घेऊनच बाहेर पडे, आणि ही सुस्थिती पुढे संपाने, सरकारने किंवा जमिनीच्या भावाने बुडविली. या समजुतीत तथ्यांश आहे, परंतु तिची कालगणना चुकलेली आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन केली व ताडदेव येथे १८५६ साली तिचे काम सुरू झाले. तेव्हापासून एकविसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक गिरण्यांचे भोंगे मुके होईपर्यंत जो दीडशे वर्षांचा काळ लोटला, त्यात जुन्या कामगाराला केवळ त्याच्या जुनेपणामुळे काही हक्क पोहोचतो हे तत्त्व निर्वेधपणे मानले गेले ते अवघी तीस-पस्तीस वर्षे. म्हणजे एका मनुष्याच्या उमेदीच्या काळाइतकीच त्या सुस्थितीची आयुर्मर्यादा होती. तिच्या आधी नव्वद वर्षे अनिश्चितीचे राज्य होते आणि तिच्यानंतरही तेच परत आले. हा मधला अवधी कसा निर्माण झाला आणि कोणत्या मार्गाने संपला, याचा विचार केल्यावाचून आज पन्नाशीत नोकरी गमावणाऱ्यांच्या स्थितीचा नीट उलगडा होत नाही.

आरंभीच्या काळात गिरणीचा मालक आणि गिरणीचा कामगार यांच्यामध्ये कोणताही प्रत्यक्ष करार नव्हता, कारण त्या दोघांच्या मध्ये जॉबर उभा होता. पहाटे गिरणीच्या दरवाजाशी जमलेल्या माणसांतून कोणाला आत घ्यावयाचे, कोणाला कोणत्या साच्यावर उभे करावयाचे आणि कोणाला घरी परतवावयाचे हे तोच ठरवी. या उपकाराबद्दल तो दस्तुरी घेई, अडल्यावेळी कर्ज देई, चाळीत राहावयास जागा मिळवून देई, आणि ज्याच्यावर त्याची मर्जी खप्पा होई त्याचा रोजगार दुसऱ्या सकाळी बंद होई. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतील बायकांवर हाच अंमल नायकीण चालवीत असे. अशा व्यवस्थेत वीस वर्षे माग चालविलेल्या विणकराची वीस वर्षे कोणत्याही दप्तरात जमा होत नसत. ज्या जॉबराने त्यास लावले तो दुसऱ्या गिरणीत गेला, म्हणजे त्याच्या टोळीतील जुनी माणसे नव्या जॉबराच्या दृष्टीने परकी ठरत. डोळ्यांची नजर कमी झाली आणि तुटलेला धागा चटकन दिसेनासा झाला, की त्या माणसास काढून टाकण्याची गरजही नसे. त्यास दुसऱ्या दिवशी आत न घेतले म्हणजे पुरे होई.

त्यावेळच्या गिरण्यांचे नियम पाहिले असता कामगाराच्या श्रमावर मालकाची सत्ता कशी होती हे दिसते. पगार महिना उलटल्यानंतर बऱ्याच दिवसांनी हाती पडे, त्यामुळे कामगाराची केलेल्या कामाची मजुरी नेहमीच गिरणीकडे अडकलेली असे, आणि नोटीस न देता काम सोडणाऱ्यास तिच्यावर पाणी सोडावे लागे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा रोज कापणारा दुप्पट खाडा कित्येक गिरण्यांत रूढ होता, आणि विणताना बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत त्याच्या पगारातून वसूल करण्याची रीत होती. सोडून जाणाऱ्या कामगारास दंड होता, परंतु काढून टाकणाऱ्या मालकास मात्र काहीच द्यावे लागत नव्हते. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या पुढे मांडल्या, त्यांत रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा हे होते, आणि कामावर अपघाताने कायमचा पंगू झालेल्याच्या निर्वाहाची तरतूदही होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. परंतु नोकरी कायम राहावी, किंवा जुन्या माणसास विनाकारण काढू नये, अशी मागणी त्या यादीत नव्हती. जे कोणाजवळ नव्हते आणि कोणी पाहिलेही नव्हते, ते मागावे कसे?

वृद्धापकाळाची सोय गिरणीत नव्हती म्हणूनच ती गावी करून ठेवावी लागे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांच्या बायका-मुलांपैकी पुष्कळशी गावीच राहत. कामगार गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत वळकटी टाकी, खाणावळीत जेवी, आणि शिलकीचा पैसा मनिऑर्डरीने घरी पाठवून चार-दोन गुंठे भातजमीन खोताच्या हातून राखण्यासाठी झटे. गिरणीमालक या वृत्तीकडे बोट दाखवून म्हणत की, हा मनुष्य मुळात शेतकरी आहे, त्याला कारखान्यात स्थिर व्हावयाचेच नाही. कार्यकारणभाव बऱ्याच अंशी याच्या उलट होता. गिरणी त्याच्या उतारवयाची हमी घेत नव्हती म्हणून तो गाव सोडीत नव्हता. आजारपण, बेकारी आणि म्हातारपण या तिन्हींचा खर्च कोकणातील व घाटावरील दरिद्री खेडी सोशीत होती, आणि त्यामुळेच मुंबईतील गिरण्यांना मजुरी स्वस्त पडत होती.

नोकरकपात हा सामुदायिक झगड्याचा विषय झाला तो १९२८ मध्ये. जपानी कापडाची स्पर्धा आणि पहिल्या महायुद्धानंतर आलेली मंदी यांनी हैराण झालेल्या मालकांनी, विशेषतः ससून समूहाच्या गिरण्यांनी, सुधारित कार्यपद्धती म्हणून अशी योजना पुढे आणली की, विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कताई खात्यातील साचेवाल्याने एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. हिशेब उघड होता. दोघांनी तिघांचे काम केले की तिसरा रस्त्यावर येणार, आणि तो तिसरा बहुधा तोच असणार ज्याचे पाय दोन बाजूंमध्ये दिवसभर धावण्याइतके तरुण राहिलेले नाहीत. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी काम बंद ठेवले. डांगे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर या पुढाऱ्यांबरोबर स्वतः गिरणीत राबलेले अर्जुन आळवे आणि कासले या संपाच्या अग्रभागी होते, आणि त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संपाचे फलित काय, हा वादाचा विषय आहे. परंतु गिरणीत किती माणसे असावीत हा प्रश्न केवळ मालकाच्या मर्जीचा नाही, अशी घोषणा मुंबईत प्रथम एवढ्या मोठ्या आवाजात झाली ती यावेळी.

कपातीचा घाव मात्र सर्वांवर सारखा बसला नाही. त्या दशकात गिरण्यांतील एकूण मनुष्यबळात बायकांचा वाटा सुमारे पाचवा होता, तो पुढील काळात सतत घटत गेला. नवी वाइंडिंग यंत्रे आली, रात्रपाळीवर बायकांना मनाई असल्याने तीन पाळ्यांच्या गणितात त्या बसेनात, आणि १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याने पडणारा खर्च टाळण्याकडे मालकांचा कल झाला. या बायकांच्या जाण्याविरुद्ध कोणताही मोठा संप झाला नाही. दुसरीकडे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना अधिक पगाराच्या साळखात्यात, म्हणजे विणाई खात्यात, शिरकावच नव्हता, कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि तेथे विटाळाची सबब उभी केली जाई, डॉ. आंबेडकरांनी त्याच संपाच्या काळात हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला होता. तेव्हा पुढे जो जुनेपणाचा हक्क निर्माण झाला, तो कोणत्या खात्यात कोणाच्या नावे जमा व्हावयाचा हे आधीच बऱ्याच प्रमाणात ठरलेले होते.

या हक्काचा उगम कामगारांच्या विजयात नसून मालकांच्या शिस्तीच्या योजनेत आहे, ही या इतिहासातील मोठी गमतीची गोष्ट होय. गैरहजर कामगाराच्या जागी त्या दिवसापुरता बदली घेण्याची रीत जुनीच होती, आणि दरवाजाशी ताटकळणाऱ्या बदल्यांतून माणूस निवडण्यात जॉबराची दस्तुरी पिकत असे. ही गर्दी आणि हा गैरव्यवहार आवरण्यासाठी गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रणाची पद्धत सुरू केली. ठरावीक संख्येच्या बदल्यांना दर महिन्याच्या आरंभी कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर राहावयाचे, आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या, असा तो क्रम होता. हेतू नियंत्रणाचा होता. परंतु कार्ड आले की नोंद आली, नोंद आली की क्रमांक आला, आणि क्रमांक आला की आपल्या मागून आलेला आपल्या आधी का लागला हे विचारण्याची सोय झाली. ज्येष्ठतेची गणना जॉबराच्या स्मरणातून निघून गिरणीच्या दप्तरात शिरली ती येथून.

स्वातंत्र्याच्या आगेमागे या नोंदीला कायद्याचे बळ मिळत गेले. दुसऱ्या महायुद्धात तीन-तीन पाळ्या चालल्याने मनुष्यबळाची ओढ वाढली होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींची चौकट घातली, औद्योगिक न्यायालयाच्या १९४७ च्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांतील मूळ पगार किमान ३० रुपये ठरवून खातेवार पगारश्रेणी बांधून दिल्या, आणि १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा ज्या पहिल्या उद्योगांना लागू झाला त्यांत कापडधंदा होता. पुढच्याच वर्षी गिरण्यांत कापडाचे गठ्ठे साठून मोठ्या प्रमाणावर काम बंद ठेवले जाण्याचे चिन्ह दिसू लागताच, केंद्र सरकारने १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात दुरुस्ती केली. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगारास कमी करावयाचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याबद्दलचे वेतन द्यावे, नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून द्यावे, आणि जो शेवटी आला त्याला प्रथम काढावे, असे तिने सांगितले. मुंबईच्या गिरणीतील बदली कामगाराची व्याख्याही या कायद्याने केली, परंतु ती केली काम बंद असतानाच्या भरपाईतून त्याला वगळण्यासाठी. ही वगळणूक एक वर्षाची सलग नोकरी पुरी होईपर्यंत चाले. १९७२ मध्ये उपदान कायद्याने, आणि १९७६ मध्ये तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कपात करण्यापूर्वी वा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी सक्तीची करणाऱ्या दुरुस्तीने, ही इमारत कळसास नेली.

मस्टरवर नाव कायम होणे म्हणजे काय होते, हे गिरणगावातील त्या पिढीच्या व्यवहारावरून कळते. अठराव्या-विसाव्या वर्षी मामाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने बदलीचे कार्ड मिळे. मग पाच, सात, कधी दहा वर्षे त्या कार्डावर काढावी लागत. पहाटेच्या पाळीला डबा घेऊन खात्यात जावयाचे, कोण आले नाही ते पाहत भिंतीशी उभे राहावयाचे, आणि साचा मिळाला नाही तर तोच डबा परत घेऊन चाळीत यावयाचे. गणपतीत आणि शिमग्यात कोकणी कामगार गावी जात, तेव्हा बदल्यांचा महिना भरे. कायम कामगाराची रजा हाच बदलीचा रोजगार होता. तिकीट नंबर पक्का झाला, की खाणावळवालीची उधारी वाढे, पतपेढीत जामीन म्हणून त्याची सही चाले, गावी त्याच्यासाठी चांगल्या घरची मुलगी सांगून येई, आणि पुढेमागे आपल्या मुलाला त्याच खात्यात बदलीत चिकटविण्याचे बोलणे तो हक्काने करू शके. कोकणातील ज्या कुळाला खोताच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या मालकी लाभली नव्हती, त्याच्या नातवाला ही नोकरीची वर्षे वतनासारखी वाटू लागली: मेहनतीने वाढणारी, मुलाच्या हाती देता येणारी, आणि आपल्या संमतीवाचून कोणाला काढून घेता न येणारी मालमत्ता.

ही संमतीची अट पुढे कळीची ठरली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली साठांवर गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबरच बदल्यांना कायम करण्याची मागणी त्यांच्या यादीत होती. तो संप कधी औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. ज्यांनी १९४७ ते १९५५ च्या दरम्यान बदलीचे कार्ड घेतले होते ते या वेळी पन्नाशीच्या आसपास होते. त्यांच्या हिशेबी सर्वांत जास्त वर्षे जमा होती, म्हणून गमावण्यासारखेही सर्वांत जास्त त्यांच्याजवळ होते. गिरण्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लाखाच्या घरातील कामगारांना आत जागा उरली नव्हती. १९८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, तरी त्यांतूनही माणसे कमी होत गेली. नंतर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकसित करण्याची वाट मोकळी केली, आणि मध्य मुंबईतील त्या सुमारे सहाशे एकर भूमीची किंमत तिच्यावर विणल्या जाणाऱ्या कापडाच्या किमतीशी कोणतेही नाते सांगेनाशी झाली.

कायदा तर शिल्लक होता. परवानगीशिवाय कपात करता येत नव्हती. मग मार्ग निघाला तो कायद्याच्याच एका वाक्यातून. औद्योगिक कलह कायद्यातील कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती प्रथमपासून वगळलेली होती. कामगाराने स्वतः अर्ज केला, तर ती कपात नव्हे. परवानगी नको, शेवटी आलेल्याला प्रथम काढण्याचा क्रम नको, कोणाला काढले याचा जाबही नको. केंद्र सरकारने १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन केला तो कामगारांना नवे काम शिकविण्याच्या उद्दिष्टासह, परंतु त्यातील पैसा मुख्यतः स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला, आणि राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या त्याच्या मोठ्या लाभार्थी ठरल्या. अनेक गिरण्यांत पगार महिनोन्‌महिने थकत, वीज तोडली जाई, कामगार हजेरी लावून थंड यंत्रांपाशी बसून राहत, आणि अशा वातावरणात सूचनाफलकावर योजनेचा कागद लागे. या परिस्थितीत केलेल्या अर्जास स्वेच्छेचा म्हणावयाचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्या योजनांचे गणित मात्र निरखून पाहण्यासारखे आहे. केंद्रीय सार्वजनिक उद्योगांसाठी २००० मध्ये गुजरात नमुना म्हणून जे सूत्र मान्य झाले, त्यात झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे ३५ दिवसांचे आणि उरलेल्या दर वर्षामागे २५ दिवसांचे वेतन होते. पन्नास वर्षांच्या, तीस वर्षे नोकरी झालेल्या आणि साठीस दहा वर्षे उरलेल्या मनुष्यास याप्रमाणे १,३०० दिवसांचे वेतन मिळे. कपातीची कायदेशीर भरपाई याच मनुष्यास ४५० दिवसांची होती. जवळजवळ तिप्पट रक्कम देऊ करण्यात औदार्य नव्हते. परवानगीची अडचण त्याहून महाग पडत होती, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय एक मर्यादा होती: एकूण रक्कम उरलेल्या काळाच्या पगाराहून अधिक होता कामा नये. अठ्ठावन्नाव्या वर्षी, अडतीस वर्षे राबलेल्या मनुष्याची रक्कम सूत्राने १,३८० दिवसांची होई, परंतु साठीस दोनच वर्षे उरली असल्याने तिला दोन वर्षांच्या पगाराशीच थांबावे लागे. ज्याची सेवा सर्वांत दीर्घ, त्याच्या सेवेची किंमत अशा रीतीने त्याच्यापेक्षा कमी राबलेल्याच्या सेवेहूनही उतरली. जी वर्षे मस्टरवर मालमत्ता म्हणून वाढत होती, त्यांचा भाव ठरविताना खरेदीदार झालेली नव्हे तर उरलेली वर्षे मोजत होता.

हिशेब घेऊन बाहेर पडलेल्यांची रक्कम संपाच्या काळातील कर्जात, मुलीच्या लग्नात आणि गावच्या घरावर स्लॅब टाकण्यात गेली. कित्येकांनी भाजीची गाडी लावली, कित्येक वॉचमन झाले, त्यांतले काही तर पूर्वीच्याच गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींच्या फाटकावर. आणि घर चालविण्याचा भार पापड-मसाले करणाऱ्या किंवा डबे पुरविणाऱ्या बायकांवर आला. गिरण्यांच्या जमिनीवरील घरांची पहिली सोडत म्हाडाने २०१२ मध्ये काढली, तेव्हा अर्जदारांत वारसांची संख्या लहान नव्हती.

आज पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत, बँकांत आणि विमा कचेऱ्यांत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या मनुष्यास एका सकाळी बोलावून राजीनामा लिहून देण्याचे सुचविले जाते, तेव्हा तो या घटनेला अभूतपूर्व समजतो. अभूतपूर्व तीत काहीच नाही. अर्ज त्याच्याच हस्ताक्षरात घेण्याची युक्ती गिरणगावात पक्की झालेली आहे. फरक आहे तो असा की, गिरणी कामगाराच्या संमतीला काही किंमत तरी होती, कारण ती न मिळाल्यास मालकास सरकारच्या दारी जावे लागे. व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावर बढती मिळविलेला आजचा नोकरदार मात्र कायद्याच्या अर्थाने बहुधा कामगारच राहत नाही. बढतीबरोबर पगार वाढला, आणि शेवटी आलेल्यास प्रथम काढावे हे संरक्षण त्याच बढतीने हातचे गेले. त्याची ज्येष्ठता आता फक्त खर्चाच्या रकान्यात दिसते, आणि नावे निवडताना ती त्याच्या विरुद्ध मोजली जाते.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने मधल्या काळात खाली आणलेली परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशे कामगारांवर नेली. दर वर्षामागे पंधरा दिवसांची १९५३ ची भरपाई तिने ठेवली, शेवटी आलेल्याचा क्रमही ठेवला, आणि त्यांच्या जोडीला कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरावे अशी नवी तरतूद केली. या दुसऱ्या रकमेत नोकरीच्या वर्षांचा गुणाकार नाही. दोन वर्षे काम केलेल्या तरुणास आणि तीस वर्षे एकच हुन्नर हाती बाळगलेल्या प्रौढास नवे शिकण्यासाठी सारखाच पंधरवडा दिलेला आहे, वास्तविक शिकण्याची अडचण त्या दोघांची सारखी नाही. गिरणगावाचा इतिहास सांगतो की, जुनेपणाला मोल मिळाले ते मालकांच्या सौजन्याने नव्हे, आणि काळाच्या ओघात आपोआपही नव्हे. नियंत्रणासाठी का होईना, वर्षे लिहून ठेवली गेली, कोणीतरी त्या लिहिलेल्या वर्षांना कायद्यात दर लावून घेतला, आणि हे करण्यास १९२८ पासून पंचवीस वर्षे लागली. कचेरीतील नोकरदाराने आपली वर्षे अजून कोणत्याही सामाईक वहीत लिहविलेली नाहीत. तोपर्यंत त्याच्या नोकरीची दीर्घता ही त्याची खाजगी बाब आहे, आणि खाजगी बाबीला वाटाघाटीच्या मेजावर भाव येत नसतो.